पंचवीस अंशांना

अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उताणा.
सकाळी धनेश तांडेल ठेवून गेला,
माहुलहून, गोणपाटात गुंडाळून,
हीटसिंकच्या दातांत सुक्या बोंबलाचा वास.
‘गाडीत धूर झाला ताई. मग आवाजच गेला.’

स्क्रू अकरा.
बारावा आधीच कुणीतरी हरवलेला.
चार ट्रान्झिस्टर फुटलेले, पोटं उघडी,
पण नंबर वाचता येत होते.
मेलेल्यांचं सोपं असतं.

अडलं ते एकाशीच.
तूरडाळीच्या दाण्याएवढा, काळपट,
एक पाय बोर्डात, एक हवेत.
अंगावर ना नंबर, ना पट्टा, ना कंपनीची खूण.
डोक्याला पांढरी पेस्ट लागलेली,
वाळून चुन्यासारखी.

कपॅसिटर म्हणावं तर मीटर बोलतो.
डायोड म्हणावं तर दोन्हीकडून सारखंच बोलतो.
लॅमिंग्टन रोडला नानजीभाईंना फोटो धाडला.
‘नंबर सांगा.’
‘नाहीये.’
‘मग तो पार्टच नाही.’

कमानीच्या सिग्नलला कंटेनर थांबला
की माझं टेबल थरथरतं,
वाटीतले स्क्रू जागा बदलतात.
मी भिंग धरून तांब्याच्या वाटा बघत बसले:
हा राहतो कुणाच्या शेजारी,
उठबस कुणाकडे,
कुणाच्या दाराशी जाऊन थांबतो.
एक वाट जमिनीला.
दुसरी त्या सोळा पायांच्या आयसीकडे,
जो सगळ्यांना ‘चला’ म्हणतो आणि ‘पुरे’ म्हणतो.
गाणं ज्या रस्त्याने जातं
त्या रस्त्यावर हा कुठेच नव्हता.

मीटरवर सात हजार नऊशे.
दाणा चिमटीत धरला,
हलू नये म्हणून, बाकी काही नाही.
सात हजार सहाशे.
सात हजार दोनशे.
हात काढला. आकडा हळूहळू वर चढला.
परत धरला. परत उतरला.
इतका वेळ मी त्याला मोजत होते,
तो माझी बोटं मोजत होता.

थर्मिस्टर.
कागदावर पंचवीस अंशांना दहा हजार.
कुर्ल्यात पंचवीस अंश कधी असतात?

मग दिसला तो रेझिस्टर,
उचललेल्या पायाच्या जागी चोरून बसवलेला.
तपकिरी, काळा, नारिंगी.
दहा हजार, कायमचे.
आत चटका बसला तरी बोर्डाला वाटावं
की सगळं गारच आहे.
कुणाचं काम म्हणून डाग पाहिला
तर सोल्डरची शेपटी उजवीकडे ओढलेली.
असा डाग डावखुऱ्याचा.
ह्या लाइनीत डावखुरी मी एकटी.

कलिन्याला पास्कल अंकलचा ठेला, मी एकोणीसची.
धनेशचा बाप तावातावाने आलेला:
ऐन हळदीत मशीन बंद पडतं, लोक हसतात.
अंकलने मान वर न करता सांगितलं,
‘त्या बारक्याचा एक पाय उचल. दहा के टाक.’
मी उचलला. टाकला.
बारक्या म्हणजे कोण, हे विचारलं नाही.
दीडशे रुपये, आणि वर पापलेटचा वादा,
जो काही आला नाही.

आज रेझिस्टर काढला.
दाण्याचा पाय जमिनीला टेकवला, नवी पेस्ट,
डोकं हीटसिंकला चिकटवून दिलं.
संध्याकाळी धनेशने गाडीतच लावून पाहिला,
काचा हलल्या, शेजारचा टायरवाला ओरडला.

‘तापला की मधेच बंद पडेल,’ मी म्हटलं.
‘म्हणजे?’
‘गार झाला की आपोआप चालू होतो.’
‘रविवारी हळद आहे, ताई.
मग तुम्ही केलंत काय?’

बिलावर लिहिलं: ट्रान्झिस्टर, चार नग.
खाली त्या दाण्याचं नाव,
पूर्ण, नीट अक्षरात,
आणि रकमेच्या जागी रेघ.